यहुदी घरांतील ग्रंथ आणि मुलें

उन्हाळा लागला कीं शाळा बंद होतात आणि मुलांचीं पुस्तकें फडताळांत जाऊन बसतात. यहुदी समाजाच्या पंचांगांत मात्र ह्याच ऋतूनें मुलांची आणि ग्रंथांची गांठ घालून दिली आहे. निसान महिन्यांत, म्हणजे आपल्या चैत्राच्या सुमारास, पेसाहचा सण येतो. पॅलेस्टाइनच्या भूमींत तेथून कोरडा ऋतु सुरू होतो, म्हणून पावसासाठीं करावयाची प्रार्थना त्या सणापासून थांबते. तेथपासून आब महिन्याच्या नवमीपर्यंत, म्हणजे जुलै-ऑगस्टपर्यंत, तीन प्रसंग असे येतात कीं त्या प्रत्येकांत लहान मुलाला स्वतःची जागा आहे. राज्य गेलें, मंदिर गेलें, तरी हा समाज विस्कळित होऊन नाहींसा झाला नाहीं; त्याचें एक कारण ह्या तीन प्रसंगांत सांपडतें.

पहिला प्रसंग पेसाहचा. मिसर देशाच्या दास्यांतून झालेल्या सुटकेचा हा सण. त्याचा मुख्य विधि देवालयांत होत नाहीं, तर घरांत, रात्रीच्या भोजनाच्या वेळीं होतो. त्या वेळीं वाचावयाच्या ग्रंथास हग्गादा म्हणतात. वाचनाचा आरंभ वडील माणसाच्या उपदेशानें होत नाहीं. घरांतील सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारतें: बेखमीर भाकर कशासाठीं, कडू भाजी कशासाठीं, अशा तऱ्हेचे. त्यांस उत्तर म्हणून सारी कथा सांगावयाची. मुलें पेंगूं नयेत व त्यांनी प्रश्न विचारावे म्हणून रब्बी अकिबा भाजलेले दाणे आणि आक्रोड वाटीत असत, असें तालमूद ग्रंथांत नमूद आहे. हग्गादेंत चार प्रकारचे मुलगे सांगितले आहेत: शहाणा, दुष्ट, भोळा आणि ज्याला प्रश्नच विचारतां येत नाहीं असा. ह्या चौथ्याला वगळलेलें नाहीं; त्याच्यापुढें बापानें स्वतः होऊन बोलूं लागावें, असा दंडक आहे. शिक्षकाच्या कामाचें मर्म ह्याहून थोडक्यांत कोठें सांगितलें असेल?

पेसाहनंतर सात आठवड्यांनी शाबुओथचा सण येतो. सीनाय पर्वतावर धर्मशास्त्र मिळालें, त्याची ही आठवण. बाराव्या-तेराव्या शतकांत जर्मनीच्या ऱ्हाइन नदीकांठच्या यहुद्यांनी ह्या दिवशीं मुलाचा अक्षरारंभ करण्याची चाल पाडली होती. वर्म्स गांवच्या एलाझार नांवाच्या पंडितानें ती लिहून ठेविली आहे. पांच-सहा वर्षांच्या मुलास वस्त्रांत गुंडाळून गुरूकडे नेत. गुरु त्याला मांडीवर घेऊन पाटीवरील हिब्रू अक्षरें आधीं सुलट व मग उलट म्हणून घेई. नंतर अक्षरांवर मध लावीत आणि मूल तो चाटून खाई. शास्त्रवचनें लिहिलेली पोळी व उकडलेलें अंडें ह्यांचाहि प्रसाद त्याला मिळे. आपल्याकडे दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढून पूजितात, तिची येथें आठवण होते. हा संस्कार मुलग्यांपुरताच होता, ही त्याची उणीवहि सांगितली पाहिजे.

तिसरा काळ दुःखाचा. तम्मूझ महिन्याच्या सतरा तारखेपासून आबच्या नवमीपर्यंतचे तीन आठवडे शोकाचे मानतात, इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर जाळलें, त्याचा शोक नवमीस करतात. हेच ऐन उन्हाचे दिवस. भर दुपारीं मुलांस बाधा होते, अशी जुनी समजूत होती. म्हणून रब्बी योहानान ह्यांनी शिक्षकांस बजावलें कीं ह्या दिवसांत मुलांवर चामड्याची वादी उगारूं नये. आणि रब्बी सॅम्युएल बेन इसहाक ह्यांनी दिवसाचे चार तास होतांच मुलांस घरीं सोडण्यास सांगितलें. आपली सकाळची शाळा ती हीच! ज्या समाजाचें सर्वस्व जळालें, तो त्याच शोकाच्या दिवसांत मुलांच्या पाठीची काळजी वाहत होता. मंदिर पडण्यापूर्वीं थोडींच वर्षें यहोशवा बेन गामला नांवाच्या मुख्य याजकानें गांवोगांव शिक्षक नेमण्याची आणि सहा-सात वर्षांच्या मुलांस शाळेंत आणण्याची व्यवस्था केली होती. तालमूदांत एका शिक्षकास पंचवीस मुलें असें प्रमाणहि घातलें आहे. मंदिर पडलें, पण शाळा राहिली.

ह्या व्यवस्थेचें मोल पाहावयास दूर जावें लागत नाहीं. कोंकणांतील, पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यांतील, बेने-इस्राएल समाजाचीच हकीकत पाहावी. नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटून सात जोडपीं वांचलीं, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ग्रंथ त्यांच्यापाशीं उरले नाहींत. तेलाचे घाणे चालवून ते पोट भरीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढें त्यांनी जपलें. सणांचीं हिब्रू नांवें मात्र गेलीं. आबच्या नवमीचा उपास 'बिरड्याचा रोजा' झाला. आचार स्वयंपाकघरानें राखला, पण त्यामागची कथा हरवली, मुलानें 'कां?' म्हणून विचारलें असतें, तर उत्तर कोणापाशीं होतें?

तें उत्तर ग्रंथांबरोबर परत आलें. १७९६ सालीं सॅम्युएल एझेकिएल दिवेकर ह्यांनी मुंबईंत पहिलें सिनेगॉग बांधलें. पुढें कोचीनकडील यहुदी शिक्षक आले. १८३२ सालीं मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांनी मराठींतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलें; समाजानें व्याकरण घेतलें, धर्म आपलाच ठेविला. १८४६ सालीं मुंबईंत मराठी भाषांतरासह हग्गादा शिळाछापावर निघाली, आणि १८७४ सालीं पुण्यास सचित्र हग्गादा छापली गेली. तिच्या चित्रांत लुगडीं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करीत आहेत. त्या चित्रांत मुलांस मिसर देशाच्या कथेशेजारीं आपलीच आई दिसली असेल. १८७५ सालीं हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांच्या खटपटीनें मुंबईंत समाजाची शाळा सुरू झाली, आणि १८८० च्या सुमारास बायबलांतील आख्यानांवर मराठी कीर्तनेंहि होऊं लागलीं.

१९४८ नंतर ह्या समाजाचा मोठा भाग इस्राएल देशांत गेला. महाराष्ट्रांत थोडीं कुटुंबें उरलीं. परंतु त्यांच्या इतिहासानें शिकविलेली गोष्ट सर्वच घरांना उपयोगी आहे. ग्रंथावांचून आचार टिकतो, पण मुका होतो. आणि ज्या घरांत मुलाला प्रश्न विचारण्याची मुभा नाहीं, तेथें ग्रंथ असूनहि उघडला जात नाहीं. सुटीच्या दिवसांत वडील माणसांनी मुलापुढें एखादें पुस्तक उघडून बसावें आणि त्याच्या पहिल्या प्रश्नाची वाट पाहावी. त्याला प्रश्न सुचलाच नाहीं, तर आपण होऊन बोलूं लागावें.