औषध कोणतं, प्रसाधन कोणतं?

टूथपेस्टच्या बाबतीत आपल्याकडचा कायदा मोठा गमतीचा आहे. वनौषधींची पेस्ट घेतलीत तर ट्यूबवर बहुतेक वेळा 'आयुर्वेदिक औषध' असं लिहिलेलं सापडेल. फ्लोराइडची पेस्ट मात्र कायद्याच्या लेखी प्रसाधन, म्हणजे पावडर-लिपस्टिकच्या पंगतीतली. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली ती नेमकी फ्लोराइडची पेस्ट!

आमच्या नातेवाइकांत "दात किडू नयेत म्हणून कुठली पेस्ट चांगली" यावर मध्यंतरी बरंच रण माजलं होतं. (दोन्ही पक्षांचे लोक हे वाचणार आहेत, त्यामुळे नावं घेत नाही.) एका बाजूला "आपल्या पूर्वजांना काही कळत नव्हतं का?", दुसऱ्या बाजूला "डॉक्टर काय उगीच सांगतात का?" म्हटलं, भांडण बाजूला ठेवू आणि दोन्ही पेस्टची घराणी कुठून आली ते तरी बघू.

पूर्वजांना कळत होतं, हे आधी मान्य करून टाकतो. चरकसंहितेत दिवसातून दोन वेळा दात घासायला सांगितलंय, आणि काडीचं टोक चावून मऊ करून. म्हणजे ब्रशच झाला की! सुश्रुतसंहितेत तर काडी बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढी जाड हवी, इथपर्यंत तपशील आहे. कडू काड्यांत कडुनिंब उत्तम, तुरट काड्यांत खैर, गोडांत मोह, तिखटांत करंज. दात किडण्याच्या रोगालाही तिथे 'कृमिदंत' असं नाव आहे. दातात किडा शिरतो ही समजूत तेव्हा जगभर होती. आपला 'कीड' हा शब्द तिथूनच आलेला दिसतो.

पण खरं सांगायचं तर आपल्या आज्या-पणज्या काही सुश्रुत वाचून दात घासत नव्हत्या. गोवरीची राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, आणि बायकांमध्ये मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. दाताला म्हणून लावायची आणि मग ती सुटायची नाही. चहाआधी मशेरी नाही मिळाली तर दिवस वाया, अशा कितीतरी बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. १९९२ मध्ये सरकारनं दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. 'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही' असं कुणी म्हणालं की मला मशेरी आठवते. तंबाखूही झाडालाच लागतो.

या पार्श्वभूमीवर केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत 'विको' सुरू केली. परदेशी पेस्टशी टक्कर द्यायची, तीही देशी औषधींच्या जोरावर. सुरुवात मंजनापासून. दारोदार फिरून विकलेलं ते मंजन म्हणजेच वज्रदंती. वज्रदंती म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली कुंपणाला लावतात ती पिवळी कोरांटी! पुढे त्याची पेस्ट झाली, सिनेमा सुरू होण्याआधी तिची जाहिरात लागायला लागली आणि एक अख्खी पिढी ती चाल गुणगुणत मोठी झाली.

मग आला अबकारी कर. खात्याचं म्हणणं, हे प्रसाधन आहे, जास्त कर भरा. कंपनीचं म्हणणं, हे आयुर्वेदिक औषध आहे. हा वाद वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये तिथेही कंपनीच्या बाजूनं निकाल लागला. यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोर्टापुढचा प्रश्न होता, याला औषध म्हणून कर लावायचा की प्रसाधन म्हणून. घटक कुठल्या ग्रंथातले, लोक ते कशासाठी घेतात, हे तिथे बघितलं जातं. यानं दात किडायचे किती कमी होतात, हा प्रश्न कोर्टाला कुणी विचारलाच नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला तो भलतीकडेच, अमेरिकेत. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात खराब दातांपासून झाली.

१९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना टाकायला गेला. बघतो तर गावात वाढलेल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग. त्यानं चिकाटीनं शोध सुरू ठेवला. १९०९ मध्ये जी. व्ही. ब्लॅक हे त्या काळचे बडे दंततज्ज्ञ त्याच्या मदतीला आले. दोघांच्या लक्षात आलं, की हे डागाळलेले दात किडत मात्र कमी! मॅकेला पाण्याचा संशय होता, पण पाण्यात नेमकं काय ते सापडेना. शेवटी १९३१ मध्ये ते सापडलं. आर्कान्सामध्ये बॉक्साइट नावाचं एक गाव होतं, अॅल्युमिनियम कंपनीनं वसवलेलं. तिथल्या मुलांच्या दातांवर तसेच डाग होते. आपल्या अॅल्युमिनियमवर आळ येईल या धास्तीनं कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी पाणी तपासलं, तर त्यात फ्लोराइड निघालं.

पुढचं काम सरकारी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी केलं. गावोगावचं पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले. दहा लाख भागांत साधारण एक भाग फ्लोराइड असेल तर डाग फारसे पडत नाहीत आणि कीडही कमी होते, असं त्यांना दिसलं. १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं पाण्यात ठरवून फ्लोराइड मिसळलं, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये कीड साठ टक्क्यांहून जास्त घटली. मग इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी फ्लोराइड पेस्टमध्ये आणलं. 'क्रेस्ट' १९५६ मध्ये अमेरिकाभर विकायला आली आणि १९६० मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं तिला मान्यता दिली. अमेरिकेत फ्लोराइडची पेस्ट आजही औषधांच्या नियमांत बसते.

आपल्या देशातला फ्लोराइडचा पहिला अनुभव मात्र निराळा. १९३७ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातून अहवाल आला तो हाडं आखडलेल्या, पाठ वाकलेल्या माणसांचा. तिथल्या विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त होतं. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांना आजही हा त्रास आहे. त्यामुळे "फ्लोराइड म्हणजे विष" असं कुणी म्हणालं तर त्याला हसू नये. त्या गावांत ते खरंच विष आहे, पण ते रोज पोटात जाणाऱ्या पाण्यातलं. दातांवर दोन मिनिटं फिरवून थुंकून टाकायच्या पेस्टचं गणित वेगळं.

आता मूळ मुद्दा. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळवतं, आणि लाळ ती हळूहळू परत भरते. फ्लोराइड ही भरपाई जलद करतं आणि जे कवच तयार होतं ते आम्लाला जास्त चिवट असतं. निंब, लवंग, बाभूळ यांचं काम वेगळं. प्रयोगशाळेत ते या जंतूंची वाढ रोखताना दिसतात. माणसांवरच्या काही आठवड्यांच्या चाचण्यांत दातांवरचा थर आणि हिरड्यांचं रक्त येणं कमी करण्यात वनौषधी पेस्ट पुष्कळदा नेहमीच्या पेस्टच्या बरोबरीला येते. हे कमी नाही. पण कीड मोजायला दोन-तीन वर्षं मुलांच्या मागे राहावं लागतं. फ्लोराइडसाठी ते झालं. २००३ मध्ये 'कॉक्रेन'नं अशा सत्तर चाचण्यांचा, बेचाळीस हजारांहून अधिक मुलांचा, एकत्र हिशेब मांडला, तर कीड सरासरी २४ टक्के कमी निघाली. वनौषधींच्या बाजूला या तोडीचं काही उभं नाही. तिथे लोकांचा विश्वास होता, खपही होता, त्यामुळे एवढी मोजदाद करायची गरज कुणाला वाटली नसावी.

आणखी एक. सुश्रुताच्या काळी गूळ-साखर होती, पण ती येता-जाता तोंडात टाकायची वस्तू नव्हती. विकोच्या जन्माच्या आसपासच प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे महाराष्ट्र साखरेचाच झाला. आज शाळेच्या डब्यात बिस्किटं, मधल्या सुट्टीत चॉकलेट. कडुनिंबाच्या काडीनं या फौजेशी लढावं अशी अपेक्षा सुश्रुतानंसुद्धा केली नसती.

मग करायचं काय? ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचायची. आपल्या नियमाप्रमाणे फ्लोराइड एक हजार पीपीएमपर्यंतच घालता येतं आणि ते किती आहे हे छापावंच लागतं. आरोग्य संघटनेच्या यादीत १००० ते १५०० आहे, म्हणजे आपली कमाल ती त्यांची किमान. हजाराच्या आसपास आकडा दिसला की झालं, मग त्यात लवंग असो की पुदिना. अगदी लहानग्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्यांना वाटाण्याएवढी पेस्ट, आणि थुंकायला शिकवायचं. गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर आधी दंतवैद्याला विचारायचं. मोठ्यांना वज्रदंतीची चव सोडवत नसेल तर सकाळी ती, रात्री झोपताना फ्लोराइडची. चरकानं दोन वेळा सांगितलंच आहे!

नातेवाइकांतल्या दोन्ही पक्षांना एवढंच सांगणं, की घरातल्या पोरांच्या दाढा येण्याचं वय तुमच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाही. तेव्हा आज रात्री ट्यूबवरचा आकडा बघा, आणि काय निघाला ते जरूर कळवा.