वटवाघळांची प्रतिपिंड-तपासणी

रानटी वटवाघळांच्या रक्तद्रवात विशिष्ट विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधून तो विषाणू त्यांच्या वसाहतीत पूर्वी फिरून गेला आहे का, हे ठरविण्याची पद्धत. महाराष्ट्रातील परिचित उदाहरण महाबळेश्वरचे (जि. सातारा) असून ते निपाह विषाणूसंबंधी आहे.

पार्श्वभूमी : निपाह मलेशियात 1998-99 मध्ये प्रथम आढळला. भारतात सिलिगुडी (2001), नदिया (2007) व कोझिकोड (2018) येथे त्याचे उद्रेक झाले. टेरोपस प्रजातीची मोठी फलाहारी वटवाघळे त्याचे मुख्य आश्रयदाते मानली जातात. भारतातील अशा 41 वटवाघळांपैकी निम्म्याहून अधिकांत प्रतिपिंडे आढळल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

पद्धत : बारीक धाग्याच्या जाळ्यांनी वटवाघळे पकडून त्यांना भूल देतात. रक्त तसेच घशातील व गुदमार्गातील स्राव घेतात. रक्तद्रवावर एलायझा, तर स्रावांवर आरटी-पीसीआर चाचणी होते. पहिलीतून पूर्वीचा संसर्ग कळतो, दुसरीतून त्या वेळी शरीरात असलेले विषाणूचे आरएनए. निपाहसारख्या विषाणूवरील जोखमीचे काम राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या (पुणे) पाषाण येथील जैवसुरक्षा स्तर-4 प्रयोगशाळेत चालते.

महाबळेश्वर, 2020 : या संस्थेच्या पथकाने मार्चमध्ये एका गुहेतील 80 वटवाघळे तपासली, 65 रुसेटस लेशेनॉल्टी (फलाहारी) व 15 पिपिस्ट्रेलस (कीटकभक्षी). पहिल्या जातीच्या 33 व दुसऱ्या जातीच्या एका वटवाघळात निपाहविरोधी आयजीजी प्रतिपिंडे मिळाली. मोजक्या नमुन्यांत आरएनएही आढळले. टेरोपसबाहेरील, त्यातही कीटकभक्षी, वटवाघळात खूण सापडणे हे या पाहणीचे वैशिष्ट्य. 2021 मध्ये आलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकात मात्र ‘संभाव्य’ संसर्ग असाच शब्द आहे. तोवर महाराष्ट्रात माणसांत निपाहचा उद्रेक नोंदला गेला नव्हता.

अन्वयार्थ : प्रतिपिंडे असणे म्हणजे ते वटवाघूळ आज विषाणू पसरवीत आहे असे नव्हे. जवळच्या नात्यातील विषाणूंमुळेही चाचणी होकारार्थी येऊ शकते. म्हणून विषाणू वेगळा काढणे हा अधिक भक्कम पुरावा ठरतो. पश्चिम भारतातील रुसेटस वटवाघळांतून 2010 मधील पाहणीत वेगळा काढलेला ‘मालसूर’ हा नवा फ्लेबोव्हायरस त्याचे उदाहरण होय.

संरक्षण : फलाहारी वटवाघळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी म्हणून होती, 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूची रद्द झाली.