फुटकी काच आणि सागवानी दार: खरवडण्याचा इतिहास

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठल्याही जुन्या गल्लीत शिरा. एखाद्या वाड्याचं सागवानी दार दिसेल आणि त्यावर निळ्या-हिरव्या ऑइलपेंटचे पाच-सहा थर. घराचं काम निघालं की घरातली पोरं म्हणतात, "रंग काढू, खालचं सागवान दिसू दे." मग घासायचं मशीन येतं. दिवसभर घर्रर्र आवाज, घरभर धूळ. संध्याकाळी दार गोरंपान होतं खरं, पण चौकटीवरच्या वेलबुट्टीचे कंगोरे बोथट झालेले असतात. आजोबांच्या आजोबांनी करून घेतलेलं कोरीव काम एका दुपारी सपाट!

जुन्या सुतारानं काय केलं असतं? त्यानं फुटक्या काचेचा एक तुकडा उचलला असता.

हसू नका. काच फुटली की तिला अतिशय बारीक धार येते. तो तुकडा जरा तिरका धरून लाकडावरून ओढला की खोबरं किसल्यासारखा पातळ किस निघतो. धार गेली की दुसरा तुकडा घ्यायचा. खर्च शून्य. रंधा जिथं उलट्या रेषांमुळं लाकूड उचकटतो, तिथं ही काच गुपचूप काम करते.

ही युक्ती किती जुनी असेल? चला नेवाशाला. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी तिथं 1954 ते 1956 मध्ये उत्खनन केलं. तिथं मध्य पुराश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली आणि त्यांत मोठा भरणा होता तासण्या-खरवडण्याच्या हत्यारांचा. गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या छिलक्याची एक कड ठोकून-ठोकून धारदार केलेली. काहींची कड आत वळलेली, म्हणजे काठी किंवा भाल्याचा दांडा गोल गुळगुळीत करायला सोयीची. या पद्धतीच्या हत्यारांना अभ्यासक 'नेवासन' म्हणू लागले. प्रवरा गोदावरीला मिळते आणि आपली पूर्णाही गोदावरीलाच मिळते. म्हणजे सुताराच्या हातातली ती काच याच खोऱ्यातल्या एका फार जुन्या हत्याराची नात लागते.

आता जरा लांब जाऊ. इटलीतल्या क्रेमोना गावचा अंतोनिओ स्त्रादिवारी, 1737 मध्ये वारला. त्याच्या व्हायोलिनला आज कोट्यवधी मोजतात. व्हायोलिनचं लाकूड शेवटी गुळगुळीत करायचं ते पोलादाच्या पातळ पत्तीनं, खरवडून. व्हायोलिन बनवणारे आजही तेच करतात. कारण सोपं आहे: घासलं की धूळ लाकडाच्या छिद्रांत बसते आणि पॉलिश मळकट दिसतं. खरवडलं की रेषा स्वच्छ कापली जाते आणि लाकूड आतून चमकतं.

मग 1833 च्या सुमारास लंडनमध्ये जॉन ओकीनं काचेचा चुरा चिकटवलेला कागद कारखान्यात बनवायला घेतला. आपण पॉलिश पेपरला 'काचकागद' म्हणतो ना, ते नाव इथून आलेलं. गंमत बघा, अख्खी काच कापते, तिचाच चुरा केला की तो घासतो. कागद शिकायला सोपा, म्हणून जग त्याच्या मागं गेलं. पुढं त्याच कागदाला मोटर लागली आणि खरवडायची कला मागं पडली.

आपल्याकडं सुतार बारा बलुतेदारांतला. औत, वखर, तिफण, बैलगाडी नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य घ्यायचं. अशा माणसाला हत्यार फेकून देणं परवडत नाही. करवत मोडली तरी तिचं पान पोलादाचंच असतं. त्याचा तळहाताएवढा तुकडा कापला की झाली खरवडायची पत्ती.

तुम्हालाही ती करता येईल. निवड अशी: रंगाचे जाड थर काढायचे तर जवळजवळ एक मिलिमीटर जाड पत्ती किंवा मुठीचा स्क्रॅपर, शेवटचा हात फिरवायला अर्धा मिलिमीटर जाडीची, वाकणारी. गोलाईसाठी कड गोल घासलेली पत्ती वेगळी ठेवा.

धार लावण्यात खरी मेख आहे. पत्ती वाईसमध्ये पकडा. कड कानशीनं सरळ आणि काटकोनात घासा. मग तेलाच्या दगडावर कड आणि दोन्ही बाजू गुळगुळीत करा. आता पत्तीपेक्षा कडक अशी गुळगुळीत गोल सळई घ्या, तेलाचं बोट लावा आणि कडेवरून दाबून तीन-चारदा फिरवा. आधी सपाट, मग पाच-दहा अंश तिरकी. यानं कड वळून डोळ्याला न दिसणारी आकडी तयार होते. नखाला अडकली की समजा जमलं. कापते ती हीच आकडी.

वापरताना पत्ती दोन्ही हातांत धरा, अंगठ्यांनी मधोमध किंचित वाकवा, पुढं झुकवा आणि रेषेच्या दिशेनं ढकला. पातळ किस निघाला तर ठीक. नुसता भुगा निघाला तर आकडी गेली, सळई पुन्हा फिरवा. पत्ती तापते, अंगठे भाजतात, मध्ये थांबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या थरांत त्याहून कितीतरी जास्त शिसं असू शकतं. सफेदा, पिवळा, शेंदरी या रंगांत ते पूर्वी सर्रास घालत. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. म्हणून जुना रंग मशीननं कोरडा घासू नका, आगीनं जाळू नका. पाण्याचा फवारा मारून ओला करा आणि ओलाच खरवडा. खाली प्लास्टिक अंथरा. साधा रुमाल नाही, चांगला एन-95 मास्क लावा. लेकरं आणि गरोदर बाई घरात असेल तर काम चालू असताना त्यांना तिथं येऊ देऊ नका. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पत्ती इथंही मशीनपेक्षा बरी, कारण ओला रंग तिनं पापुद्र्यानं निघतो, हवेत कमी उडतो.

रंग निघाला, दार वाळलं की पातळ पत्तीचा शेवटचा हात आणि मग लाखेचं पॉलिश. दोन दिवसांचं काम आठ दिवसांवर जाईल, पण वेलबुट्टीचं पान न पान जागेवर राहील.

तुमच्या गावात काचेनं लाकूड खरवडणारे एखादे आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा. फोन काढा, त्यांची परवानगी घ्या आणि त्यांच्या हातांचा व्हिडिओ करा. त्या पत्तीला ते काय नाव देतात तेही विचारा. ते नाव आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. तोवर, राम राम!