अंजन, मोपाने आणि नावांचा घोळ

आधी एक सोपी गोष्ट. सागवानाची फळी पाण्यावर तरंगते, अंजनाचा तुकडा मात्र बुडतो, कारण अंजनाचं वाळलेलं लाकूडसुद्धा पाण्यापेक्षा जड असतं. रंधा मारताना सुताराच्या नाकी नऊ येतात. म्हणून दारं-खिडक्या सागवानाच्या, पण बैलगाडीचा आस, खांब आणि नांगराचे भाग अंजनाचे.

आफ्रिकेच्या दक्षिण भागात असंच एक झाड आहे, मोपाने. लाकूड जड, वाळवीला दाद न देणारं. तिथे ते झोपडीच्या खांबांना, कुंपणाला वापरतात, क्लॅरिनेटसुद्धा बनवतात. पानही अंजनासारखंच, दोन सुट्या पर्णिकांचं. (आपल्या दसऱ्याच्या आपट्याशी गल्लत नको, ते एकच दुभंगलेलं पान असतं.)

आता इतिहास बघा. अंजनाला रॉक्सबर्गने 'हार्डविकिया बिनाटा' नाव दिलं. मोपानेला १८६५ मध्ये बेंथॅमने 'कोपायफेरा'त टाकलं. १९४९ मध्ये लेओनार्डने त्याच्यासाठी 'कोलोफोस्पर्मम' ही वेगळी प्रजाती केली. १९९७ मध्ये ब्रेटेलर आणि सहकाऱ्यांनी परागकण, लाकडाची रचना वगैरे तपासून त्याला थेट अंजनाच्या 'हार्डविकिया'त आणलं. तरी आज चालतं ते 'कोलोफोस्पर्मम'च.

माझी चूक इथेच झाली. संदर्भ शोधताना मी फक्त आजचं नाव टाकलं आणि आधीचं सगळं काम निसटलं. पहिला मसुदा पुन्हा लिहावा लागला. तुम्ही सुरुवातीलाच आपल्या वनस्पतीच्या सगळ्या नावांची यादी करा, सालासकट.