वार्धक्यातील स्मृतिभ्रंश

स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हा मेंदूच्या विविध विकारांमुळे उद्भवणारा लक्षणसमूह आहे. यात स्मरणशक्ती, भाषा, दिशा व काळाचे भान, निर्णयक्षमता आणि वर्तन यांचा उत्तरोत्तर ऱ्हास होतो व रुग्ण दैनंदिन व्यवहारांसाठी इतरांवर अवलंबून राहू लागतो. वाढत्या वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढत असले, तरी तो वार्धक्याचा स्वाभाविक भाग नाही. "साठी बुद्धी नाठी" या म्हणीतून आणि "म्हातारचळ" या शब्दातून व्यक्त होणाऱ्या समजुतीमुळे अनेकदा हा आजार आजार म्हणून ओळखलाच जात नाही.

प्रकार

अल्झायमरचा आजार हा सर्वाधिक आढळणारा प्रकार असून जागतिक आरोग्य संघटनेनुसार एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांत तो कारणीभूत असतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. यात मेंदूतील पेशींबाहेर अमायलॉइड व पेशींच्या आत टाऊ या प्रथिनांचे साठे आढळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारा स्मृतिभ्रंश, लेवी बॉडी स्मृतिभ्रंश आणि फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंश हे इतर प्रमुख प्रकार होत.

निदान

वृद्धांमधील नैराश्य व डिलिरियम या दोन अवस्था स्मृतिभ्रंशासारख्या भासू शकतात. डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत अचानक उद्भवतो. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा औषधांचे दुष्परिणाम ही त्याची नेहमीची कारणे असून त्यावर तातडीने उपचार आवश्यक असतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व थायरॉइडचे विकार यांमुळे झालेला विसराळूपणा उपचारांनी कमी होऊ शकतो. म्हणून निदानापूर्वी रक्ततपासणी व मेंदूचे प्रतिमाचित्रण केले जाते.

लेखन-वाचनावर आधारित चाचण्या निरक्षर वृद्धांना लागू पडत नाहीत. ही अडचण लक्षात घेऊन १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ येथील संशोधन प्रकल्पात ग्रामीण, अशिक्षित ज्येष्ठांसाठी हिंदी मानसिक स्थिती चाचणी तयार करण्यात आली.

प्रमाण

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ज्येष्ठांचा वाटा सुमारे ९.९ टक्के होता.

उपचार व प्रतिबंध

अल्झायमरचा आजार पूर्ण बरा करणारे औषध उपलब्ध नाही. डोनेपेझिल, मेमँटाइन यांसारख्या औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात १४ टाळता येण्याजोगे जोखीम घटक नोंदवले असून त्यांत अल्पशिक्षण, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान व एकाकीपणा यांचा समावेश आहे. हे सर्व घटक दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के रुग्णांत आजार टाळता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे.

भारतात रुग्णाची देखभाल मुख्यतः कुटुंबातच, विशेषतः पत्नी, मुली व सुनांकडून होते. गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मार्गदर्शन केल्यावर देखभाल करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यात सुधारणा दिसून आली. तज्ज्ञांची संख्या अपुरी असलेल्या प्रदेशांसाठी हा अभ्यास महत्त्वाचा मानला जातो.

कर्जत परिसर

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या गावांत आणि भोवतालच्या ठाकर व कातकरी वाड्यांत आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र हाच आरोग्यसेवेशी पहिला संपर्क असतो. आशा कार्यकर्ती भरून घेत असलेल्या तपासणी अर्जात साठीपुढील व्यक्तींसाठी जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरतो का, हा प्रश्न समाविष्ट आहे. घरातल्यांनी वयोमानाचा दोष मानलेली लक्षणे या टप्प्यावर लक्षात येऊ शकतात.

याच तालुक्यात नेरळ येथे डिग्निटी लाइफस्टाइल ही ज्येष्ठांसाठीची निवासी वसाहत उभी राहिली. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीची सोयही तेथे करण्यात आली. कर्जतजवळील श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना कुटुंबाकडे पोहोचवते. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कायदे व साहाय्य

माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ नुसार ज्येष्ठांना अपत्यांकडून निर्वाहखर्च मागता येतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला. केंद्र शासनाच्या टेलिमानस (१४४१६) व ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइन (१४५६७) या दूरध्वनी सेवा विनामूल्य आहेत.

चित्रपटात

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या "अस्तु" या मराठी चित्रपटात अल्झायमर झालेल्या संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकाची भूमिका मनोविकारतज्ज्ञ व अभिनेते मोहन आगाशे यांनी केली आहे. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटासाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा, तर सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा पुरस्कार मिळाला.