छोटी इंजिने, काळे हात

जेम्स वॅट म्हटले की आपल्या पिढीला किटली आठवते. चुलीवर पाणी उकळते आहे, झाकण थडथड उडते आहे आणि छोटा जेम्स डोळे विस्फारून बघतो आहे. शाळेत मुलांना ही गोष्ट फार आवडायची. गोष्ट गोड आहे यात शंका नाही. पण वॅटला खरी वाट दाखवली ती किटलीने नव्हे, तर टेबलावर मावेल अशा इंजिनाच्या एका मॉडेलने. त्या मॉडेलची, आणि छोटी इंजिने घरच्या घरी बनवण्याचा जो छंद पुढे इंग्लंडात रुजला त्याची हकीगत आज सांगणार आहे. विषय यंत्रांचा आहे म्हणून कोणी पान उलटू नये. मी स्वतः मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस, मला समजले तेवढेच सांगणार!

१७६३-६४ च्या हिवाळ्यातली गोष्ट. वॅट तेव्हा ग्लासगो विद्यापीठात शास्त्रीय उपकरणे बनवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर होता. प्राध्यापक अँडरसन यांनी न्यूकॉमेनच्या इंजिनाचे एक मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला दिले. न्यूकॉमेनचे इंजिन १७१२ पासून खाणींतले पाणी उपसत होते. त्याची रीत अशी : सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी झाले की आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली ढकलते. या मॉडेलच्या सिलिंडरचा व्यास २ इंच आणि दट्ट्याची चाल ६ इंच. वॅटने ते नीट जुळवले, पण चार-दोन हेलपाटे मारले की बिचारे थांबायचे. वाफ पुरतच नव्हती. मोठे इंजिन दिवसरात्र चालते, मग तसेच बनवलेले छोटे का चालू नये?

याचे उत्तर साबणाच्या चौकोनी वडीवर समजते. वडीची लांबी, रुंदी, उंची निम्मी केली तर तिचा पृष्ठभाग चौथाई होतो, पण घनफळ मात्र आठवा हिस्सा उरते. म्हणजे वस्तू लहान होत जाते तसा आतल्या मालाच्या मानाने बाहेरचा पत्राच जास्त होतो. मॉडेलच्या सिलिंडरचे असेच झाले होते. दर फेरीला फवाऱ्याने गार झालेला तो पत्रा पुन्हा तापवण्यातच बहुतेक वाफ खर्ची पडत होती. हा रोग मोठ्या इंजिनालाही होताच. पण खाणीच्या तोंडाशी कोळशाला काय तोटा! तिथे तो कोणाला जाणवला नाही. छोट्या इंजिनाने तो उघडा केला. पुढे १७६५ मध्ये एका रविवारी ग्लासगो ग्रीनच्या मैदानात फिरताना वॅटला उपाय सुचला. वाफ थंड करायची ती सिलिंडरमध्ये नाही, शेजारच्या वेगळ्या भांड्यात. सिलिंडर कायम गरम, भांडे कायम गार. १७६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि त्यापुढचा इतिहास आपण सगळे शिकलो आहोत.

एवढे शिकलो, पण त्याच्या म्हातारपणाबद्दल कोणी सांगितले नव्हते. १८०० साली, ६४ व्या वर्षी वॅट धंद्यातून निवृत्त झाला आणि बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घराच्या माळ्यावर त्याने छोटे वर्कशॉप थाटले. पुतळ्यांच्या हुबेहूब नकला कोरून काढणारे यंत्र बनवण्याच्या खटपटीत तो तिथे तासन्‌तास रमे. १८१९ मध्ये तो गेला, पण तो माळा तसाच राहिला. १९२४ मध्ये तिथल्या हजारो वस्तू लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलवल्या गेल्या. पोटापाण्याची चिंता संपल्यावर हा माणूस आरामखुर्चीत नाही बसला, माळ्यावर चढला! छंद म्हणून यंत्रकाम करणाऱ्यांचा तो आद्यपुरुष म्हणायला हरकत नाही.

या छंदाला लागते ते मुख्य यंत्र म्हणजे लेथ. आपल्याकडचा कातारी लाकूड फिरवून पाळण्याची खेळणी, लाटणी, खाटेचे पाय काततो, तत्त्व तेच. काम फिरते, हत्यार कापते. फरक असा की कातारी हत्यार हातात धरतो. लोखंड कापायला हाताचा नेम पुरत नाही. लंडनच्या हेन्री मॉड्सलेने १८०० च्या सुमारास असा लेथ बनवला की हत्यार घट्ट धरणारा ठोकळा स्क्रूच्या साहाय्याने मोजून पुढे सरके. त्यामुळे एकसारखे आटे पाडता येऊ लागले. पण चांगला लेथ घरी ठेवणे पुढची कित्येक वर्षे श्रीमंतांचे काम होते. होल्टझाफेल कंपनीचे नक्षीकामाचे लेथ उमराव लोक हौसेने घेत आणि हस्तिदंताच्या डब्या कातत.

हा छंद सामान्य माणसाच्या हाती आला तो एका मासिकाने, असे मला वाटते. १८९८ च्या जानेवारीत पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनियर’ सुरू केले आणि त्याच वर्षी छंदिष्टांची संस्थाही उभी राहिली. कारकून, पाद्री, डॉक्टर, रेल्वेचे कामगार असे नाना प्रकारचे लोक ते वाचू लागले. पुढे ड्रमंडसारख्या कंपन्यांनी पायाने चालवायचे आटोपशीर लेथ बनवले. स्टुअर्ट टर्नर कंपनी इंजिनाचे ओतीव, खडबडीत भाग आणि नकाशे टपालाने पाठवू लागली. ते कातून, भोके पाडून, घासून इंजिन ज्याचे त्याने उभे करायचे. त्यांचे ‘टेन-व्ही’ नावाचे इंजिन नवशिक्यांचे लाडके. सिलिंडर जेमतेम पाऊण इंचाचा. मिलिंग मशीन परवडत नसे, म्हणून लेथवरच एक उभी सरकपट्टी बसवून मिलिंग उरकायचे. १९४६ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमधून मायफर्डचा ‘एमएल-७’ लेथ आला आणि घराघरांच्या मागच्या शेडमध्ये जाऊन बसला.

या मासिकात १९२४ पासून लिहिणारे एक लेखक ‘एलबीएससी’ या चार अक्षरांनीच ओळखले जात. तरुणपणी ज्या रेल्वेत काम केले तिचीच ही आद्याक्षरे. त्या काळी जाणत्यांचे मत असे होते की इतक्या छोट्या इंजिनाने कोळशावर चालून माणसाला ओढणे अशक्य. एलबीएससींनी ‘अयेशा’ नावाचे इंजिन बनवले. रुळांमधले अंतर अवघे अडीच इंच, पण मोठा माणूस मागे बसवून ते ओढून दाखवी! यावरून मासिकात जो वाद पेटला तो ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून प्रसिद्ध आहे.

जमले कसे? तर जो धडा वॅटच्या मॉडेलने दिला होता, तोच त्यांनी अंगी बाणवला. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरमधल्या धुराच्या नळ्या समजा २ इंची आहेत. मॉडेल सोळाव्या हिश्शाचे करायचे म्हणून नळीही सोळाव्या हिश्शाची केली तर ती होते एक सूत. ती काजळीने लगेच तुंबणार! कारण इंजिन लहान झाले तरी कोळशाची काजळी, पाण्याचे बुडबुडे आणि जाळ काही लहान होत नाही. म्हणून नळ्या मोजक्या ठेवायच्या, पण रुंद. छंदिष्टांमध्ये एक म्हण आहे की निसर्गाला स्केल लावता येत नाही. बाहेरून हुबेहूब नक्कल करा, पण आत लहान इंजिनाला लहान इंजिनाचे नियम पाळू द्या. (मुलांना वाढवतानाही हे लक्षात ठेवावे. मूल म्हणजे काही छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे!)

एलबीएससींचे मोठेपण मला त्यापुढच्या कामात दिसते. चाळीसेक वर्षे त्यांनी एकेका इंजिनाची कृती अशी लिहिली की शेजारी उभे राहून कोणी सांगते आहे असे वाटावे. आज चाके, मग सिलिंडर, मग तांब्याचा बॉयलर आणि त्याला चांदीचा डाग. ‘टिच’ हे नवशिक्यांसाठीचे त्यांचे चिमुकले इंजिन आजही लोक बनवतात. १९६७ मध्ये ते गेले, पण ती कृती राहिली.

इथे मला आपल्याकडचा एक माणूस आठवतो. कोलकात्याजवळ टिटागढला गोलोकचंद्र नावाचा लोहार होता. नदीपलीकडे श्रीरामपूरच्या कागद गिरणीत विलायतेहून आलेले वाफेचे इंजिन त्याने पाहिले आणि कोणा साहेबाची मदत न घेता स्वतः एक छोटे इंजिन बनवले. १८२८ मध्ये कोलकात्याच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि त्याला ५० रुपये बक्षीस मिळाले. स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ धावले ते त्याच्या पुढच्या वर्षी! म्हणजे अक्कल कमी नव्हती, हात कमी नव्हते. पण गोलोकचंद्राला ना मासिक होते, ना मंडळ. इतिहासात त्याच्या वाट्याला चार-दोन ओळी आल्या.

वॅटही कारागीरच. पण त्याच्या दुकानात प्राध्यापक गप्पा मारायला येऊन बसत; उष्णतेचा अभ्यास करणारे जोसेफ ब्लॅक त्याचे स्नेही होते. आपल्याकडे ज्याच्या हाती लेखणी तो हत्याराला शिवायचा नाही, आणि ज्याच्या हाती हत्यार त्याला लेखणी मिळू द्यायची नाही, अशी शतकानुशतके व्यवस्था होती. जातीने घातलेली ही भिंत होती, आडपडदा न ठेवता सांगायला हवे. त्यात किती गोलोकचंद्र गेले याचा हिशेब कोण देणार? शाळांच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ आला तो ही भिंत पाडायला. पण परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याच तासाचा जातो, हे तुमच्यातल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

बीस्टनचा मायफर्डचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला. आता चिनी बनावटीचे छोटे लेथ आणि मिलिंग मशीन मिळतात. मंडळे आहेत, बॉयलर पेटवण्याआधी त्यात पाणी भरून दुप्पट दाबाची परीक्षा घेणारे काटेकोर म्हातारे आहेत. एकेका इंजिनाला चार-पाच वर्षे देतात. उपयोग काय, असे कोणी विचारेल. वॅटला दिलेले ते मॉडेल तरी कुठे उपयोगाचे होते? वर्गात दाखवायची वस्तू होती ती.

नातेवाईकांपैकी जे नुकतेच निवृत्त झालेत, आणि ‘वेळ जात नाही’ असे फोनवर सांगतात, त्यांनी माळा झाडून घ्यावा. लेथच हवा असे नाही. पटाशी, करवत, सुई काहीही चालेल. आणि जे जमेल ते कसे केले, कुठे अडले, हे चार ओळींत लिहून ठेवा. हात थकतात हो, लिहिलेले पुढच्याच्या कामी येते. असो, आज फारच लांबले.