परसातला मांडव

बंगल्याच्या बागेत खांबांवर छप्पर टाकून चारी बाजूंनी मोकळी अशी बसायची जागा करतात. तिला हल्ली गझिबो म्हणतात. आमच्या मिरजेच्या बचत गटाने एका सदस्येच्या परसात तशी जागा बांधली. आम्ही मात्र तिला मांडवच म्हणतो, कारण ही वस्तू आपल्याकडे फार जुनी आहे.

मांडव हा शब्द मंडपावरून आला. लग्नाआधी मांडवाचा पहिला खांब पुजून रोवतात, ती मुहूर्तमेढ. आज शाळेची, कारखान्याची सुरुवात झाली तरी आपण मुहूर्तमेढ रोवली असं म्हणतो. पण लग्नाचा मांडव चार दिवसांचा. तेवढे दिवस बाई मानाने बसते. मांडव उतरला की पुन्हा चुलीपाशी.

एरवी बसायच्या जागा कुणाच्या होत्या? गावात चावडी आणि पार पुरुषांचे. वाड्यात सदर आणि ओसरी कारभाऱ्यांची, पाहुण्यांची. बाईकडे मागचं परस, म्हणजे आड, धुण्याचा दगड आणि सरपण. तिथे ती बसायची, पण हातात काम घेऊनच.

ही रीत मोडणारी एक बाई आपल्याच गावात जन्मली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 साली ते गेले. मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथल्या चिंचेखाली उरुसात अजून गाणं होतं. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर 1905 साली मिरजेत जन्मल्या. घरंदाज बाईने लोकांसमोर गाणं कमीपणाचं मानलं जायचं, त्या काळात तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये त्या होत्या. बाईने चारचौघांत मानाने बसावं, ही वाट त्यांच्यासारख्यांनी पाडली.

पुढे 1975 साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं. 1992 साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. गटाला वही मिळाली, खातं मिळालं, कर्ज मिळालं. बैठकीची जागा मात्र कुणाचा तरी सोपाच राहिला. घरात पुरुष माणूस आला की पदर सावरायचा, आवाज खाली आणायचा. कर्ज थकल्याचं बोलणं अशा जागी होत नाही. म्हणून आम्ही परस निवडलं.

आराखडा आम्हीच जमिनीवर चुन्याने आखला. बारा बाय बारा फूट, म्हणजे सगळ्या जणी गोल बसून एकमेकींचं तोंड दिसेल एवढा. लोखंडी अँगल कसे उभे करायचे, हे द्राक्षबागेत मजुरी केलेल्या बायकांना ठाऊक होतं. द्राक्षाच्या मांडवाचे कडेचे अँगल बाहेर कलते ठेवतात आणि तार पुरलेल्या दगडाला ताणून बांधतात, म्हणून वेलीचं ओझं मांडव पेलतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या मांडवाखाली वाकून काम केलं, ती विद्या इथे कामी आली. जोतं दीड फूट घेतलं. पत्र्याचा उतार जास्वंदीकडे दिला. पत्रा तापतो, म्हणून त्याच्या वर हातभर अंतर सोडून तारा ओढल्या आणि दोडका, कारलं चढवलं. पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड अडवायला कृष्णकमळ लावलं.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. परस कुणाच्या नावावर? सदस्येच्या नवऱ्याच्या. महाराष्ट्राने 1994 साली आणि देशाने 2005 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. तरी आमच्यातल्या बहुतेकींच्या नावावर घराची एक वीटही नाही. म्हणून आम्ही अँगल काँक्रीटमध्ये गाडले नाहीत, नटबोल्टने बसवले. ताणाच्या ताराही सोडता येतील अशा बांधल्या. खांब, पत्रे, तारा गटाच्या मालकीच्या, असा ठराव वहीत लिहिला आणि त्यावर घरमालकाचीही सही घेतली. उद्या कुणी उठायला सांगितलं तर मांडव आमच्याबरोबर दुसऱ्या परसात जाईल.

लग्नाचा मांडव कधी उतरायचा, हे बाईला कुणी विचारत नाही. हा मांडव उतरवायचा की ठेवायचा, हे गटाच्या बैठकीत ठरेल. तुमच्या गटाने जागा बघताना आधी मोजपट्टी काढा, आणि खांब कुणाचे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.